टेनेमेंट म्यूझीयम, न्यूयॉर्क

टेनेमेंट म्यूझीयम, न्यूयॉर्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटन बेटाच्या आग्नेय भागात असलेल्या लोअर ईस्ट साइड या वस्तीतील एक ऐतिहासिक संग्रहालय. शहरात नव्याने येऊन स्थायिक झालेल्या श्रमजीवी कुटुंबांचे जीवन, ती ज्या इमारतीत राहत होती त्याच इमारतीत दाखविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याची स्थापना १९८८ मध्ये झाली. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाची इमारत हे संग्रहालयाचे मुख्य अंग असून १०३ क्रमांकाच्या इमारतीचाही पुढे त्यात समावेश करण्यात आला. राजे, सेनापती वा उद्योगपती यांची निवासस्थाने जतन करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. भाडेकरूंची सामान्य वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन होण्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत. त्यांत या संग्रहालयाची गणना अग्रक्रमाने करावी लागते.

‘टेनेमेंट’ ही संज्ञा न्यूयॉर्कमध्ये १८६७ च्या कायद्याने निश्चित झाली. ज्या घरात तीनांपेक्षा अधिक कुटुंबे एकमेकांपासून स्वतंत्रपणे राहतात व तेथेच आपापला स्वयंपाक करतात, असे भाड्याचे घर म्हणजे टेनेमेंट, अशी त्याची व्याख्या होती. मराठी वाचकाला यावरून मुंबईतील चाळीची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि लहान जागा, दाट वस्ती व सामाईक सोयी या बाबतींत दोहोंत साम्यही आहे. तथापि रचनेत महत्त्वाचा फरक आहे. चाळीतील खोल्यांपुढे बहुधा सलग गॅलरी असते व ती हवा, उजेड आणि शेजार या तिन्हींची सोय करते. टेनेमेंटमध्ये अशी गॅलरी नसते. जिना व बोळ इमारतीच्या पोटात असतात आणि एका बिऱ्हाडाच्या खोल्या एकीमागे एक असल्याने मागील खोल्यांना बाहेरचा उजेड मिळत नाही. न्यूयॉर्कमधील गृहनिर्माणविषयक कायद्यांचा पुढील सु. ६० वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या अंधाऱ्या खोल्यांविरुद्धच्या झगड्याचा इतिहास आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क बंदरात यूरोपीय स्थलांतरितांची मोठी आवक सुरू झाली. आयर्लंडमधील १८४५ नंतरच्या दुष्काळाने देशोधडीस लागलेले शेतकरी आणि जर्मन राज्यांतील आर्थिक ओढाताण व १८४८ ची फसलेली क्रांती यांमुळे बाहेर पडलेले कारागीर हे त्यांतील प्रमुख गट होत. लोअर ईस्ट साइडच्या मोठ्या भागात जर्मनांची वस्ती एवढी दाट झाली, की त्यास ‘क्लाइनडॉइचलँड’ म्हणजे छोटा जर्मनी असे नाव पडले. १८८० नंतर स्थलांतराचा रोख बदलला. रशियन साम्राज्यात १८८१ पासून उसळलेल्या ज्यूविरोधी दंगली आणि दारिद्र्य यांमुळे पूर्व यूरोपातील ज्यू, तर दक्षिण इटली व सिसिलीतील शेतमजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. १८५५ ते १८९० या काळात आगंतुकांची नोंद कॅसल गार्डन येथे होत असे. १८९२ ते १९५४ या काळात एलिस बेटावरील ठाण्यातून सु. १ कोटी २० लक्ष लोक देशात आले. त्यांपैकी पुष्कळांचा पहिला मुक्काम लोअर ईस्ट साइडमध्ये पडे. १९०० च्या सुमारास तेथील टेन्थ वॉर्ड या विभागात एकरी ७०० हून अधिक लोक राहत होते. कामाची ठिकाणे जवळ, भाडे त्यातल्या त्यात परवडणारे आणि आपली भाषा बोलणारे शेजारी, ही या गर्दीची प्रमुख कारणे होती.

इमारत व तिची रचना : ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही विटांची पाच मजली इमारत ल्यूकस ग्लॉक्नर या जर्मन स्थलांतरिताने १८६३–६४ मध्ये बांधली. तो व्यवसायाने शिंपी होता. शिलकीतील पैसा घरबांधणीत गुंतवून भाड्याच्या उत्पन्नावर वर चढू पाहणाऱ्या कारागिरांच्या वर्गात तो मोडतो. काही काळ तो स्वतः याच इमारतीत राहत असे. म्हणजेच येथील पहिला घरमालक हाही स्थलांतरितच होता. मालक आणि भाडेकरू यांच्यातील अंतर या वस्तीत नेहमीच फार मोठे नसे.

इमारतीत एकूण २२ बिऱ्हाडे व तळघरात दुकानाची जागा होती. प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडे, दोन रस्त्याच्या बाजूस व दोन मागील अंगणाच्या बाजूस, अशी मांडणी होती. प्रत्येक बिऱ्हाडात बाहेरची खोली, मधले स्वयंपाकघर व आतली निजायची खोली अशा तीन खोल्या असून तिन्हींचे एकूण क्षेत्रफळ सु. ३० चौ. मी. (३२५ चौ. फुट) होते. यांपैकी फक्त बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे वा अंगणाकडे खिडक्या होत्या. इमारत बांधली गेली त्या वेळी खोल्यांतून नळ, शौचकूप वा दिवाबत्तीची कोणतीही सोय नव्हती. शौचकूप मागील अंगणात होते. पाणी खालून भरून वर न्यावे लागे आणि सांडपाणी पुन्हा खाली आणावे लागे. लाकडी जिन्यावरून दिवसातून अनेकदा होणारी ही ये-जा मुख्यतः स्त्रिया व मुले यांच्या वाट्यास येई. १८६३ ते १९३५ या काळात वीसहून अधिक देशांतून आलेले सु. ७,००० लोक या एका इमारतीत राहून गेले, असा अंदाज आहे.

कायदे व इमारतीतील फेरबदल : इमारतीच्या भिंती आणि बोळ यांवर कायद्यांची छाप स्पष्ट दिसते. १८६७ च्या कायद्याने आगीच्या वेळी उतरण्यासाठी बाहेरचे जिने आणि दर वीस माणसांमागे एक शौचकूप असावा असा दंडक घातला. १८७९ च्या कायद्याने नव्या इमारतींतील प्रत्येक निजायच्या खोलीस खिडकी आवश्यक ठरविली. त्यातून मधोमध चिंचोळी, अशी डंबेलच्या आकाराची इमारत पुढे आली. जेम्स वेअर या वास्तुविशारदाच्या पारितोषिकप्राप्त आराखड्यावर ती आधारलेली होती. दोन इमारतींमधील अरुंद पोकळीतून हवा खेळेल ही अपेक्षा फोल ठरली. त्या पोकळीत केरकचरा साठे आणि आग लागल्यास ती धुराड्याप्रमाणे ज्वाळा वर खेचून घेई.

जेकब रीस या डॅनिश स्थलांतरित वार्ताहराने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हाउ दि अदर हाफ लिव्ह्‌ज या सचित्र ग्रंथाने या वस्त्यांकडे सुशिक्षित वर्गाचे लक्ष वेधले. रीसच्या लेखनात वंश व धर्म यांविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह ठळक आहेत. तरीही सुधारणेच्या चळवळीस त्यामुळे बळ मिळाले, हे नाकारता येत नाही. १९०१ चा टेनेमेंट हाउस ॲक्ट हे या चळवळीचे सर्वांत महत्त्वाचे फलित होय. हा कायदा केवळ नव्या इमारतींपुरता नव्हता. जुन्या इमारतींतही दर दोन कुटुंबांमागे घरात एक शौचकूप, बोळातून दिवे आणि आतल्या खोल्यांना उजेडाची वाट करून देणे मालकांवर बंधनकारक झाले. घरमालकांनी यास न्यायालयात आव्हान दिले. मोशेन खटल्यात १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरल्यानंतर हा विरोध मावळला. ९७ क्रमांकाच्या इमारतीत १९०५ च्या सुमारास प्रत्येक मजल्यावर दोन शौचकूप आले. आतल्या खोल्या व बाहेरची खोली यांमधील भिंतींत खिडक्या पाडण्यात आल्या. घरातल्या घरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणाऱ्या या खिडक्या पाहून आजचा प्रेक्षक चकित होतो. परंतु ज्या खोलीत दिवसाही अंधार असे, तीत उसना उजेड आणण्याचा हाच एक मार्ग मालकास स्वस्तात उपलब्ध होता.

बंद इमारत व संग्रहालयाची स्थापना : पुढील काळात आगीपासून संरक्षणाचे नियम अधिक कडक झाले. लाकडी जिना व बोळ अग्निरोधक करण्याचा खर्च करण्यापेक्षा वरचे मजले मोकळे करणे त्या वेळच्या मालकास सोयीचे वाटले आणि १९३५ मध्ये भाडेकरूंना घालवून देण्यात आले. खालची दुकाने तेवढी चालू राहिली. भाडेकरूंच्या जीविताच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांमुळेच त्यांना घर सोडावे लागले, ही गोष्ट गृहनिर्माणाच्या इतिहासात अपवादात्मक नाही. सुधारणेचा खर्च कोणी सोसावा याची तरतूद कायद्यात नसेल, तर तो अखेर भाडेकरूवरच पडतो, याचे हे एक ठळक उदाहरण आहे. मंदीच्या त्या वर्षांत निघालेल्या कुटुंबांनी दुसरीकडे आसरा शोधला; वरच्या मजल्यांवरची दारे मात्र पुढे पन्नासाहून अधिक वर्षे बंदच राहिली.

शहरातील स्थलांतरितांसाठी संग्रहालय असावे, या कल्पनेने प्रेरित झालेल्या रूथ एब्रम आणि ॲनिटा जेकबसन या १९८८ मध्ये योग्य जागेच्या शोधात असता त्यांना ही इमारत आढळली. नूतनीकरण न झाल्यामुळेच वरच्या मजल्यांवर १९३५ पर्यंतचे थर जसेच्या तसे उरले होते. जिन्याचे झिजलेले कठडे, भिंतींवर एकावर एक चिकटविलेले कागद आणि रंगाचे लेप, तसेच भाडेकरूंनी मागे टाकलेल्या किरकोळ वस्तू संशोधकांच्या हाती लागल्या. दुरुस्त केलेले पहिले बिऱ्हाड १९९२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९९४ मध्ये इमारतीस ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’ हा दर्जा मिळाला आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेशी संलग्न असे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून तिला मान्यता देण्यात आली.

साधने व संशोधनपद्धती : ज्यांनी रोजनिशा वा आठवणी लिहिल्या नाहीत, ज्यांच्या तसबिरी कोणी रंगविल्या नाहीत, अशांचा इतिहास कशाच्या आधारे लिहावा, हा या संग्रहालयापुढील मूलभूत प्रश्न होता. त्यासाठी शिरगणतीचे तक्ते, शहराच्या वार्षिक नामसूची, जन्ममृत्यूचे दाखले, जहाजांवरील उतारूंच्या याद्या, कारखाना निरीक्षकांचे अहवाल व न्यायालयीन कागदपत्रे यांचा कसोशीने उपयोग करण्यात आला. मागील अंगणात उत्खनन झाले आणि भिंतींवरील कागदांचे थर क्रमाने सुटे करून त्यांचा काळ ठरविण्यात आला. विसाव्या शतकातील कुटुंबांच्या बाबतीत वंशजांच्या मुलाखतींची भर पडली.

या साधनांची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. सरकारी दप्तरात गरीब माणसाची नोंद मुख्यतः संकटाच्या प्रसंगी होते. एखाद्या कुटुंबाची माहिती मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यातून मिळते, दुसऱ्याची बेपत्ता नवऱ्यासाठी केलेल्या अर्जातून, तिसऱ्याची क्षयाच्या नोंदीतून. ज्या कुटुंबांवर असे काही गुदरले नाही आणि जी काही वर्षे राहून मुकाट्याने दुसरीकडे गेली, ती बहुतांशी शिरगणतीतील एका ओळीपुरतीच उरतात. संग्रहालयात दाखविलेली कुटुंबे सात हजार रहिवाशांपैकी अगदी थोडी आहेत. त्यांची निवड होण्यास त्यांच्या आयुष्याइतकेच त्यांच्या कागदपत्रांचे उरणेही कारणीभूत आहे. तसेच खोल्यांत मांडलेले बहुतेक सामान त्या त्या काळचे असले, तरी ते त्या त्या कुटुंबाच्या मालकीचे नाही. निश्चित पुरावा, संभाव्य अनुमान आणि वातावरणनिर्मिती या तिन्हींच्या मिश्रणातून येथील मांडणी सिद्ध झाली आहे.

बिऱ्हाडे व त्यांतील कुटुंबे : ९७ क्रमांकाच्या इमारतीत प्रेक्षकांना आपल्या मनाने हिंडता येत नाही. मार्गदर्शकासमवेत लहान लहान गटांनी त्यांना एकेका मजल्यावर नेण्यात येते. अरुंद बोळ, मंद उजेड आणि चढणीचा जिना यांचा अनुभव हा भेटीचाच एक भाग मानलेला आहे. काही खोल्या मुद्दाम दुरुस्त न करता, पोपडे निघालेल्या अवस्थेत, सापडल्या तशा ठेवल्या आहेत. त्यामुळे शेजारच्या सजविलेल्या खोलीत पुनर्रचनेचा भाग किती आहे, हे प्रेक्षकास ताडून पाहता येते.

तळघरातील भागात जॉन व कॅरोलाइन श्नायडर या जर्मन दांपत्याचा बिअरचा गुत्ता दाखविला आहे. तो १८६४ ते १८८६ पर्यंत चालू होता. अशी ठिकाणे केवळ मद्यपानाची नसत. कामगारांच्या मंडळांच्या बैठका, नोकरीची चौकशी आणि गावाकडच्या बातम्या यांचे ते केंद्र असे.

प्रशियातून आलेल्या नातालि गुंपर्ट्‌झ या ज्यू स्त्रीची कथा आर्थिक अरिष्टाशी निगडित आहे. १८७३ च्या अरिष्टानंतर बेकारी पसरली असता तिचा पती जूल्यस १८७४ मध्ये एके दिवशी घरातून गेला, तो परत आलाच नाही. चार मुलांचा भार अंगावर पडलेल्या नातालिने बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात शिवणकाम सुरू केले. पुढे जूल्यसच्या पित्याच्या वारसाहक्काचा प्रश्न निघाला, तेव्हा पतीस मृत घोषित करावे असा अर्ज तिने १८८३ मध्ये न्यायालयात केला. त्या अर्जामुळेच तिचा संसार आज ज्ञात आहे. वारशाने तिला सु. ६०० डॉलर मिळाले.

जोसेफ व ब्रिजेट मूर हे आयरिश कॅथलिक दांपत्य १८६९ मध्ये या बहुतांशी जर्मन इमारतीत राहत होते. जोसेफ हा वाढप्याचे काम करी. त्यांची ॲग्नेस ही तान्ही मुलगी त्याच वर्षी कुपोषणजन्य आजाराने दगावली. शहरात येणाऱ्या दुधाची भेसळ व अस्वच्छता हे त्या काळातील बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण होते. या बिऱ्हाडातील मांडणी त्या मृत्यूच्या वेळची आहे.

पोलंडमधून आलेले हॅरिस व जेनी लेव्हाइन यांचे बिऱ्हाड १८९० नंतरच्या दशकातील आहे. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, मधल्या खोलीत चुलीवर तापणाऱ्या इस्त्र्या आणि त्याच चुलीवर स्वयंपाक, अशा रीतीने हे घर कपड्यांचा कारखानाही होते. उजेडाच्या खोलीत शिवण, चुलीजवळ इस्त्री अशी कामाची विभागणी खोल्यांच्या रचनेनेच ठरविली होती. मजुरी नगांवर असे. हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आणि हंगाम सरताच रिकामपण, हा या धंद्याचा नित्यक्रम होता. राज्याच्या कारखाना निरीक्षकांच्या अहवालांत या कारखान्याची नोंद सापडते.

लिथ्युएनियातून आलेल्या रोगार्शेव्हस्की कुटुंबाचा कर्ता अब्राहम हा कपड्यांना इस्त्री करण्याचे काम करी. तो १९१८ मध्ये क्षयाने मरण पावला. शिंप्यांत या रोगाचे प्रमाण एवढे होते, की त्यास शिंप्यांचा रोग असेही म्हणत. त्याची पत्नी फॅनी हिने मालकाशी बोलणे करून इमारतीच्या झाडलोटीचे व देखभालीचे काम पत्करले आणि त्या मोबदल्यात राहण्याची जागा राखली. इतर भाडेकरू १९३५ मध्ये गेल्यानंतरही ती १९४१ पर्यंत येथेच होती.

ऑटोमन साम्राज्यातील कास्तोरिया येथून १९१३ मध्ये आलेल्या कन्फीनो या सेफार्दी ज्यू कुटुंबाची मातृभाषा लादिनो होती. यिद्दिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांना ते ज्यू आहेत, हेच प्रथम पटत नसे. या बिऱ्हाडात व्हिक्टोरिया या मुलीच्या भूमिकेतील अभिनेत्री प्रेक्षकांशी संवाद करते आणि प्रेक्षकांनी नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसांच्या भूमिकेतून तिला प्रश्न विचारावयाचे असतात. सिसिलीतून आलेले ॲडॉल्फो व रोझारिया बाल्दिझ्झी यांचे कुटुंब १९३५ मध्ये बाहेर पडलेल्यांपैकी होय. इटालियनांच्या प्रवेशावर १९२४ च्या कायद्याने कडक मर्यादा घातली होती. त्या पार्श्वभूमीवर त्यांचे आगमन समजून घ्यावे लागते. त्यांची मुलगी जोसेफीन हिने पुढे संग्रहालयास आपल्या आठवणी सांगितल्या. त्यामुळे मंदीच्या काळातील या घराचे चित्र कागदपत्रांपुरते मर्यादित राहिले नाही.

नामसूचीतील दोन मूर : प्रारंभीची अनेक वर्षे, या इमारतीत प्रत्यक्ष राहिलेल्या कुटुंबांचाच इतिहास सांगावयाचा, हा संग्रहालयाचा दंडक होता. त्यामुळे पुराव्याची शिस्त राहिली. पण एक उणीवही निर्माण झाली. उपलब्ध नोंदींनुसार ९७ क्रमांकात राहिलेले बहुतेक सर्व लोक यूरोपीय होते. त्याच काळात त्याच शहरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय श्रमिकांना या इतिहासात जागा मिळत नव्हती. १८६९ च्या नामसूचीत आयरिश जोसेफ मूरलगतच दुसऱ्या एका जोसेफ मूरचे नाव आढळते. तोही वाढपीच होता. त्याच्या नावापुढे तो कृष्णवर्णीय असल्याचे दर्शविणारी संक्षिप्त खूण छापलेली आहे. आयरिश मूरच्या नावापुढे त्याच्या वर्णाची कोणतीही खूण नाही.

या दुसऱ्या मूरचा शोध घेता तो न्यू जर्सीतून व त्याची पत्नी रेचल न्यूयॉर्क राज्यातील अन्य गावातून शहरात आल्याचे आढळले. मॅनहॅटनच्या हल्लीच्या सोहो या भागात दोन खोल्यांत पाच माणसांचे हे बिऱ्हाड होते आणि त्यांत एका आयरिश स्त्रीचाही समावेश होता. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या बांधकामास ज्या वर्षी सुरुवात झाली, त्याच १८६३ च्या जुलैमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध उसळलेल्या दंगलीत जमावांनी शहरातील कृष्णवर्णीयांवर हल्ले केले व त्यांच्या मुलांचा अनाथाश्रम जाळला होता. राज्यातील कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकारास १८२१ पासून असलेली २५० डॉलर मालमत्तेची अट १८७० मधील पंधराव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकून होती. बंदरात उतरलेल्या आयरिश माणसाला कालांतराने नागरिक व मतदार होता येई; याच देशात जन्मलेल्या या मूरला तो हक्क त्याच अटीवर मिळत नव्हता.

या दांपत्याचे बिऱ्हाड ९७ क्रमांकाच्या वरच्या मजल्यावर उभारून डिसेंबर २०२३ मध्ये ते खुले करण्यात आले. ते कुटुंब या इमारतीत कधीच राहिले नव्हते, हे प्रेक्षकांस स्पष्टपणे सांगितले जाते. या बदलाची वार्ता २०२१ मध्ये पसरताच, आयरिश कुटुंबाची कथा मागे पडेल अशी टीका झाली होती. संग्रहालयाने दोन्ही कथा ठेवल्या. वास्तूचा पुरावा आणि शहराचा इतिहास यांत ओढाताण झाल्यास कशाला प्राधान्य द्यावे, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर संग्रहालयशास्त्रात नाही. दंडक शिथिल केल्याने ऐतिहासिक काटेकोरपणाला बाध येऊ शकतो. तो तसाच ठेवल्यास भाड्याची जागा कोणास मिळाली आणि कोणास नाकारली गेली, हा भेदच पुढे चालू राहतो. येथे पत्करलेला मार्ग दुसऱ्या दोषास अधिक गंभीर मानणारा आहे.

१०३ ऑर्चर्ड स्ट्रीट : १८८८ मध्ये बांधलेल्या या दुसऱ्या इमारतीत दुसऱ्या महायुद्धानंतरचा कालखंड दाखविला असून हा भाग डिसेंबर २०१७ मध्ये खुला झाला. नाझींच्या संहारातून वाचलेले एप्स्टाइन हे ज्यू कुटुंब (१९५० नंतरचे दशक), प्वेर्तो रीकोतून आलेले साएझ-व्हेलेझ कुटुंब (१९६० नंतरचे दशक) आणि वाँग हे चिनी कुटुंब (१९७० नंतरचे दशक) अशी तीन कुटुंबे येथे एकाच छपराखाली मांडली आहेत. प्वेर्तो रीकोचे रहिवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असल्याने कायद्याच्या भाषेत ते परदेशी स्थलांतरित नव्हेत. परंतु भाषा, रोजगार व घर मिळविण्यातील त्यांच्या अडचणी स्थलांतरितांसारख्याच होत्या. चिनी कुटुंबांचे आगमन १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटापद्धती रद्द झाल्यानंतर वाढले. साएझ-व्हेलेझ व वाँग या दोन्ही घरांतील स्त्रिया कपड्यांच्या कारखान्यांत काम करीत होत्या. लेव्हाइन यांच्या बाहेरच्या खोलीत दिसणारा हा धंदा भाषा आणि देश बदलत, पण त्याच परिसरात, सु. शंभर वर्षे नवागतांना रोजगार देत राहिला, हे या दोन इमारती एकत्र पाहिल्यावर लक्षात येते.

वाद व मूल्यमापन : संग्रहालयाची वाटचाल वादरहित नाही. शेजारची ९९ क्रमांकाची इमारत विस्तारासाठी सरकारी अधिकार वापरून ताब्यात मिळावी, असा प्रयत्न त्याने केला होता. भाडेकरूंच्या विस्थापनाची कहाणी सांगणाऱ्या संस्थेनेच सक्तीच्या संपादनाचा मार्ग धरावा, यावर तीव्र टीका झाली आणि २००२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये संग्रहालय बंद राहिले, तेव्हा अनेक मार्गदर्शकांना कामावरून कमी करण्यात आले. परिसरातील वाढत्या भाड्यांमुळे नवागत श्रमिकांस आता लोअर ईस्ट साइडमध्ये घर मिळणे दुरापास्त झाले आहे. ज्या वर्गाचा इतिहास येथे दाखविला जातो, त्याच वर्गाचे आजचे प्रतिनिधी शहराच्या दूरच्या विभागांत राहतात.

या संग्रहालयाचा प्रभाव अन्य देशांतील तत्सम प्रयत्नांवरही पडला. त्याच्या पुढाकाराने १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सदसद्‌विवेकाची स्थळे’ या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या आद्य सदस्यांत दक्षिण आफ्रिकेतील डिस्ट्रिक्ट सिक्स म्यूझीयम व बांगला देशातील मुक्तियुद्ध संग्रहालय यांचा अंतर्भाव होता. श्रमिकांची घरे जतन करणाऱ्या अन्य संग्रहालयांत सिडनी येथील सुझॅना प्लेस (वास्तू १८४४; संग्रहालय १९९३), बर्मिंगहॅम येथील बॅक टु बॅक्स (२००४) व डब्लिन येथील १४ हेन्‍रिएटा स्ट्रीट (२०१८) ही उल्लेखनीय आहेत. मुंबईसारख्या, कोकण व घाटमाथ्यावरून आलेल्या गिरणीकामगारांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शहराच्या दृष्टीने यांतील अनुभव उपयुक्त ठरण्यासारखा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने आणि १९२० नंतर विकास विभागाने बांधलेल्या चाळी या मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासाचा वास्तुरूप पुरावा होत. पुनर्विकासात अशा इमारती पाडल्या जातात, तेव्हा रहिवाशांस अधिक चांगले घर मिळणे हे अगत्याचेच असते. तथापि न्यूयॉर्कमधील अनुभव असा, की भिंतींचे थर, भाड्याच्या पावत्या, शिरगणतीचे तक्ते आणि हयात रहिवाशांच्या आठवणी वेळीच एकत्र केल्या, तरच त्या घरांतील माणसांचा इतिहास पुढे लिहिता येतो. ऑर्चर्ड स्ट्रीटवर हे साहित्य बव्हंशी योगायोगाने उरले. तेथील वरचे मजले दुरुस्तीच्या खर्चामुळे बंद पडले नसते, तर सात हजार रहिवाशांचा तो पुरावाही नव्या रंगाखाली नाहीसा झाला असता.